बॅटरीची निगा आणि शिशाचा हिशेब

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले, तेव्हा उत्पादकांची जबाबदारी, पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे आणि नोंदणीचे पोर्टल यांवर पुष्कळ चर्चा झाली. ग्राहकाच्या वाट्याला त्यात आले ते एवढेच, की निकामी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळू नये आणि ती योग्य यंत्रणेकडे सोपवावी. परंतु निकामी होण्यापूर्वी मोटारीची बॅटरी काही वर्षे नागरिकाच्याच ताब्यात असते. त्या वर्षांविषयी हे नियम जवळपास मौन बाळगतात. शिशाचे प्रदूषण कमी करण्याची सर्वांत स्वस्त संधी आपण तेथेच दवडतो, असे माझे मत आहे.

अनेक बॅटऱ्या वेळेआधी दगावतात त्या अपुऱ्या चार्जिंगमुळे. वीज वापरली गेली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचते. लवकर चार्जिंग झाले तर ते विरघळते. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग चार्जर हतबल ठरतो. उभी मोटारही घड्याळ आणि अलार्मसाठी थोडी वीज खात असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर देशभर कितीतरी गाड्या सुरूच झाल्या नाहीत, त्यामागे हेच कारण होते. शहरात रोज दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीची गत फारशी वेगळी नसते.

यावरचा उपाय घरच्या घरी करता येतो. काही शे रुपयांच्या मल्टीमीटरने, गाडी काही तास उभी राहिल्यावर, व्होल्टेज मोजावे. ते १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ च्या खाली गेले तर चार्ज करावी. १२ म्हणजे ती जवळजवळ रिकामी. प्रवाह क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका ठेवावा. म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. घाई करण्यात हशील नाही. व्होल्टेज १४.४ च्या पुढे जाऊ लागले की पाण्याचे विघटन वेगाने होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून जागा हवेशीर असावी, चिमटे जोडून झाल्यावरच चार्जर सुरू करावा आणि काढताना आधी तो बंद करावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी शुद्ध ऊर्ध्वपातित, म्हणजे ‘डिस्टिल्ड वॉटर’च, आणि तेही चार्जिंग झाल्यावर, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतपत. नळाचे पाणी नको, आम्ल तर नकोच. ‘मेंटेनन्स-फ्री’ या शब्दाने ग्राहकाची मोठी दिशाभूल केली आहे. त्या बॅटरीत पाणी घालावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ; चार्जिंगची गरज तिलाही चुकलेली नाही.

मोटारमालकाच्या दृष्टीने हा काही हजार रुपयांचा प्रश्न असेल, पण दिल्ली, पाटणा किंवा कोलकात्यातील ई-रिक्षाचालकाच्या दृष्टीने तो पोटाचा आहे. त्याच्या रिक्षात अनेकदा चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात, त्या रात्री घरीच, कधी कुटुंब झोपते त्याच खोलीला लागून, चार्ज होतात आणि वर्षभरात बदलाव्याही लागतात. चार्जिंग पूर्ण होताच आपोआप थांबणारा चांगला चार्जर त्याला परवडेल अशी तजवीज कोणीही केलेली नाही.

बॅटरी संपली की वजनावर भाव होतो, कारण निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच असते. नोंदणीकृत कारखान्याला कर आणि प्रदूषणनियंत्रणाचा खर्च सोसावा लागतो, गावाबाहेरच्या बेकायदा भट्टीला तो नसतो; साहजिकच ती भंगारवाल्याला जास्त पैसे देऊ शकते. शिसे परत मिळते खरे, पण आम्ल जमिनीत आणि धूर लेकरांच्या छातीत जातो. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालाच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रतिडेसीलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. रंग, मसाले, भांडी हेही त्याचे मार्ग आहेत. मात्र बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्चक्रीकरण हे प्रमुख कारणांपैकी एक असल्याचे तो अहवाल सांगतो.

आता साधे गणित मांडतो. बॅटरी तीनऐवजी पाच वर्षे टिकली, तर पंधरा वर्षांत एका गाडीमागे पाचऐवजी तीनच बॅटऱ्या भट्टीच्या वाटेला लागतात. कंपन्यांना हे गणित आवडण्याचे कारण नाही. म्हणूनच ते त्यांच्या सदिच्छेवर सोडता येणार नाही. आज बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह आणि शिशाची रासायनिक संज्ञा छापणे बंधनकारक आहे. त्याशेजारी, अनेकदा सांकेतिक आकड्यांत दडवलेली निर्मितीची तारीख सरळ छापावी आणि चार्जिंगच्या मर्यादा प्रादेशिक भाषेत द्याव्यात. ई-रिक्षासाठी कर्ज देताना चांगल्या चार्जरची किंमत त्यातच धरावी. अनामत घेऊन जुनी बॅटरी परत आल्यावर ती फेडण्याची योजना नियमांनी उत्पादकाच्या मर्जीवर ठेवली आहे, ती सक्तीची करावी. यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. २०२२ पासून या नियमांत मंत्रालयाने अधिसूचना काढूनच दुरुस्त्या केल्या आहेत.