पोत्यावरचे इंग्रजी



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, औषधे यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. आज बोलायचे आहे ते तुमच्या मुलामुलींच्या इंग्रजीविषयी.

बोदवड तालुक्यातल्या कोणत्याही गावी पारावर बसून विचारा, की पोरे दहावीला कशात अडकतात? उत्तर ठरलेले, गणितात नाही तर इंग्रजीत. मुलगा अडकला तर त्याला पुन्हा फॉर्म भरायला लावतात. मुलगी अडकली की घरातले बोलणेच बदलते. "आता पुरे झाली शाळा, घरकामाला हातभार होईल," असे म्हणतात आणि तिचे दप्तर माळ्यावर जाते. एका विषयापायी पोरीची शाळा सुटावी, ही गोष्ट मनाला लागते. पुरवणी परीक्षा असते, एकदोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेशाची सोय आहे, हे आधी ध्यानात ठेवा. पण ती वेळच न आलेली बरी. त्यासाठी रोज पाव तास पुरतो आणि लागणारे पुस्तक तुमच्या घरात आधीच येऊन पडले आहे.

ते पुस्तक म्हणजे कीटकनाशकाच्या खोक्यातले घडी घातलेले पत्रक, बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आणि खताचे रिकामे पोते.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून मराठी शाळांतही ते पहिलीपासून आहे. म्हणजे आजचा दहावीचा मुलगा दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. धडा धडाधडा वाचतो, प्रश्नोत्तरे पाठ म्हणतो. पण पाठ नसलेली चार वाक्ये समोर ठेवली की गप्प बसतो. याचे कारण बुद्धी कमी हे नव्हे. जे पीक फक्त परीक्षेच्या दिवशी पाणी पाहते, ते कसे यावे? भाषेला रोजचे पाणी लागते.

आणि ही उणीव फक्त मुलांचीच नाही, घराची आहे. एक उदाहरण घ्या. समजा, एका औषधाच्या पत्रकात कोष्टक आहे आणि त्यात मात्रा ५०० मिली लिहिली आहे. वर बारीक अक्षरात 'पर हेक्टर' असे दोन शब्द आहेत. आपण हिशेब करतो एकराचा. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे एकरी मात्रा झाली सुमारे २०० मिली. ते दोन शब्द ज्याने वाचले नाहीत, तो एका एकरात ५०० मिली ओतील. औषधाचे पैसे अडीचपट, अंगावर उडणारे विष अडीचपट, आणि पिकाला फटका तो वेगळाच. त्याच कोष्टकात आणखी एक रकाना असतो, 'अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रेडियंट', म्हणजे मूळ क्रियाशील घटक. त्याचा आकडा वेगळा आणि बाटलीतल्या तयार औषधाचा वेगळा. कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे कळले नाही, तर वाचून न वाचल्यासारखेच.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी माथ्यापर्यंत वाढलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, औषधांची हवी तशी मिश्रणे, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. नुसते वाचता येण्याने सगळे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण बाटलीवर लिहिलेले घरात कोणाला तरी समजत असेल, तर धोक्याची पहिली हाक घरातूनच मिळते.

आता वाचायचे कसे, ते पाहू.

१९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे प्रत्येक औषधासोबत माहितीपत्रक द्यावे लागते, आणि ते इंग्रजी, हिंदी व त्या भागातल्या भाषेत असावे लागते. म्हणजे एकाच कागदावर तीच सूचना इंग्रजीत आणि मराठीतही सापडते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. रीत साधी, एक वाक्य या भाषेतले, तेच त्या भाषेत. तुमच्या खोक्यातले पत्रक ही तशीच पाठमाला आहे, तीही फुकटची. मुलाने आधी इंग्रजी ओळ वाचावी, अर्थ स्वतः लावावा, मग मराठी ओळीशी ताडून पाहावा. चुकले तर शिक्षक शोधायला नको, उत्तर त्याच कागदावर आहे.

सुरुवात रंगापासून करावी. लेबलावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्याच्या वर 'पॉयझन' म्हणजे विष, निळ्याच्या वर 'डेंजर' म्हणजे धोका, हिरव्याच्या वर 'कॉशन' म्हणजे जपून. झाले तीन शब्द. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही त्याच वेळी मुलाला सांगून टाका.

पुढे 'अँटिडोट' म्हणजे विषावरचा उतारा. 'वेटिंग पीरियड' म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये जे दिवस सोडायचे ते. भाजीपाला करणाऱ्या घरात हा शब्द लहानथोरांना पाठ हवा, कारण ती भाजी आपल्याही ताटात येते. बियाण्याच्या चिठ्ठीवर 'जर्मिनेशन' म्हणजे उगवण, 'प्युरिटी' म्हणजे शुद्धता, 'लॉट नंबर', आणि 'व्हॅलिड अपटू' म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य. ही चिठ्ठी, पिशवी आणि पावती जपून ठेवावी. बियाणे उगवले नाही तर तक्रार करताना त्यांचीच गरज पडते.

शब्दांसाठी एक वही करावी. रोज पाच शब्द. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी दीड हजार होतात. शब्द सुटा लिहू नये, त्याचे भाऊबंद शोधावेत. 'जर्मिनेट' म्हणजे उगवणे, 'जर्मिनेशन' म्हणजे उगवण. 'इरिगेट' म्हणजे पाणी देणे, 'इरिगेशन' म्हणजे सिंचन. शेवटी 'शन' आला की बहुधा क्रियेचे नाम झाले. ही खूण कळली की एका शब्दावर दोन मिळतात. आणि मूल अगदी कोरे नसतेच. मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाइप, ड्रिप, बॅटरी, तिकीट, टेशन, हे शब्द तर आजीच्याही तोंडी आहेत. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून असे शब्द मोजावेत. शंभराच्या पुढे गेले की मुलाची भीती निम्मी होते.

आता व्याकरण. येथे जरा दूरचे उदाहरण देतो. चीनमध्येही २००१ च्या धोरणाप्रमाणे शाळांत तिसरीपासून इंग्रजी आले. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलालाही हे असेच परके. पण त्याची अडचण वेगळी. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप काळाप्रमाणे बदलतच नाही. काल जाणे, आज जाणे, उद्या जाणे, शब्द तोच. म्हणून इंग्रजीतले 'गो' आणि 'वेन्ट' त्याला जड जातात. उलट वाक्यातला शब्दांचा क्रम त्याला सोपा, कारण चिनीतही 'मी खातो भात' असाच क्रम चालतो. आपले नेमके उलटे. क्रियापद बदलण्याची आपल्याला सवयच आहे. मी गेलो, ती गेली, ते गेले, अशी कितीतरी रूपे आपण जन्मापासून बोलतो, इंग्रजीत त्या सगळ्यांना एकच 'वेन्ट'. आपला खडा आहे तो शब्दांच्या क्रमात. ज्याची अडचण जिथे, त्याने तिथेच कुळव चालवावा.

मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटी येतो. 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.' इंग्रजीत हेच वाक्य 'डू नॉट' ने सुरू होते, पुढे 'स्प्रे', आणि वारा सगळ्यात शेवटी. मुलाला 'स्प्रे' माहीत असतो, 'विंड' माहीत असतो. ओळखीचे दोन शब्द पकडून तो अर्थ लावतो, वाऱ्याकडे तोंड करून फवारा. 'नॉट' हातून निसटतो आणि सगळा अर्थ उलटा होतो. म्हणून तीन पायऱ्या ठरवून घ्याव्यात. पहिली, क्रियापद शोधा आणि त्याच्या अलीकडे 'नॉट' आहे का ते पाहा. दुसरी, कशाचे काय करायचे ते पाहा. तिसरी, 'बिफोर', 'आफ्टर', 'विथ', 'फ्रॉम' असे बारके शब्द पाहा. आपण 'जेवणानंतर' म्हणतो, 'नंतर' हा शब्द मागे जोडतो. इंग्रजीत 'आफ्टर' पुढे येतो. एवढा फरक अंगवळणी पडला की निम्मे वाचन सुटते.

नववी-दहावीच्या मुलांसाठी पत्रकात आणखी एक ठेवा आहे. 'रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत' या अर्थाची सूचना इंग्रजीत 'शुड नॉट बी' अशा रचनेने येते. शाळेत ज्याला कर्मणी प्रयोग म्हणून घोकतात, तोच हा. कोण वापरतो ते सांगितलेले नाही, काय करू नये तेवढे सांगितले आहे. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत न पाहिलेला उतारा येतो, कोष्टकातली माहिती वाक्यांत मांडायला सांगतात. मात्रेच्या कोष्टकावर ज्याने वर्षभर डोके चालवले, तो त्या प्रश्नाला घाबरणार नाही.

वाचनाला लिहिण्याची जोड हवी. रात्री जेवणानंतर मुलाने दिवसाची तीन वाक्ये लिहावीत. आज शेतात काय झाले, कोण आले, पाऊस पडला का. लहान वाक्ये, पण स्वतःची. चुकू द्या. आठवड्यातून एकदा वही गुरुजींना किंवा बाईंना दाखवावी. गावातले शिक्षक अशा मुलाला नाही म्हणत नाहीत.

आता पालकांनो, तुमचे काम. तुम्हाला इंग्रजी येत नाही, म्हणून तुम्ही शिकवू शकत नाही, असे समजू नका. तुम्ही शेती जाणता, मूल अक्षर जाणते. पत्रकातला रोग मुलाला वाचता येतो, पण तो पानावर कसा दिसतो ते तुम्हीच दाखवू शकता. मुलाने वाचावे, तुम्ही विचारावे. "बाळा, किती पाण्यात म्हणते? किती दिवस थांबायचे म्हणते?" मुलाने घरातल्या बोलीत सांगावे, लेवा गणबोलीत सांगो की तावडीत की अहिराणीत. बोलीत समजावून सांगता आले, तरच त्याला खरे कळले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांची बोली सोपानदेवांमुळे कागदावर आली आणि १९५२ साली पुस्तक होऊन महाराष्ट्रभर गेली. बोलीची लाज धरून इंग्रजी येत नाही. बोलीत घट्ट पाय रोवूनच ते येते.

मोबाइलवर अर्थ पाहायला हरकत नाही. पण आधी मुलाने अंदाज करावा, मग मोबाइल उघडावा. चालणे शिकण्याआधीच काठी हातात दिली, तर पायात बळ यायचे कसे?

एक गोष्ट मात्र कडक पाळा. मुलाच्या हातात द्यायचे ते फक्त स्वच्छ, कोरडे पत्रक, आणि तेही बाटली उघडण्याआधी खोक्यातून काढून बाजूला ठेवलेले. औषधाची बाटली, गळके खोके, पंप आणि मिश्रणाची बादली यांच्याजवळ मुलांना येऊ देऊ नका. वाचून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन', मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा, ही ओळ आधी थोरांनी वाचायची आहे.

पुढे शेतीचेच शिक्षण घ्यायचे असेल तरी इंग्रजी आडवे येते. कृषी पदविका मराठीतून होते, पण बीएस्सी कृषीची पुस्तके इंग्रजीत आहेत. खेड्यातून आलेली आम्ही मुले पहिल्या वर्षी पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत असू. ज्या मुलाने 'फंगस' आणि 'रूट' हे शब्द घरच्या पत्रकावर पाहिले होते, त्याची पेन्सिल लवकर थांबली.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरात कोणते पत्रक आहे ते शोधा. दिवा लागल्यावर सर्वांनी पाव तास बसा. वाचायला मुलाला सांगा तसेच मुलीलाही सांगा, आणि मुलीला आधी सांगा, कारण तिची शाळा आधी सुटते. जी पोर आज बापाला एकरी मात्रा काढून देईल, तिचे दप्तर माळ्यावर टाकायला त्याच बापाचा हात उद्या सहजी उठणार नाही.

पुढच्या आठवड्यात बियाण्याची उगवण घरच्या घरी गोणपाटात कशी तपासावी ते पाहू. त्या दिवशी वाचायची चिठ्ठी मात्र आजच काढून ठेवा.