साडेसहा हजारांनंतरचे मागणीपत्रक

सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या तोंडावर एस.टी. कामगारांनी संप केला, तेव्हा 'प्रवाशांना वेठीस धरले' ही ठरलेली ओरड झालीच. चाकरमानी गावी कसे पोचणार याची काळजी सगळ्यांना होती. त्यांना पोचवणाऱ्यांचे घर कसे चालते, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मी या कामगारांच्या बाजूची आहे, आणि बाई म्हणून आहे. नवऱ्याच्या अपुऱ्या पगाराला ठिगळे कोण लावते? वाण्याकडे उधारी मागायला बाई जाते, डोरले तीच गहाण ठेवते, चार घरची धुणीभांडीही तीच धरते. तरीही पगारवाढ हा 'पुरुषांच्या युनियनचा' प्रश्न आहे असे आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणी मानतात. माझे पहिले भांडण त्यांच्याशी आहे.

या लढ्याने काय मिळवले ते आधी पाहू. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, ही त्यातली मुख्य मागणी मान्य झाली नाही. त्या काळात अनेक कामगारांनी आत्महत्या केल्या. त्यांचे आकडे छापून आले. मागे राहिलेल्या बायकांनी कर्जे कशी फेडली, हे कुणी छापले? नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली, पण ती सेवेच्या वर्षांनुसार: दहा वर्षांपर्यंत ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांना ४,०००, त्यापुढे २,५००. एकाच आगारात कामगारांचे तीन गट पडले.

३ सप्टेंबर २०२४ ला संघटनांच्या कृती समितीने पुन्हा संप पुकारला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांशी बोलणी झाली आणि सर्वांची वाढ ६,५०० रुपयांवर आणण्याचे ठरले, तीही एप्रिल २०२० पासून. म्हणजे आधी ५,००० मिळालेल्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. सरकारने पाडलेली फूट कामगारांनी वाटाघाटीत बुजवली. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, एकजुटीची कमाई आहे.

आता दुसरे भांडण, कामगार संघटनांशी. जे टेबल दोन दिवसांत तीन गटांची विषमता मिटवू शकते, त्याच टेबलावर बाईची मागणी नेहमी 'इतर किरकोळ' या सदरात का जाते?

आमच्या सल्ला केंद्रात बसवर काम करणाऱ्या कंडक्टर बायका येतात. त्यांच्या नोकरीला धक्का नको, म्हणून सेवेचे नाव लिहीत नाही. त्या ड्युटीवर पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जाण्याजोगे शौचालय नसते. मुक्कामी गाडी लागली की रात्र कुठे काढायची, हा प्रश्न त्या दुपारपासून डोक्यात घेऊन फिरतात. पोटात मूल असताना हलके काम मागितले तर 'मग घरीच बसा' असे ऐकावे लागते. युनियनकडे गेले की उत्तर तयार असते, 'ताई, आधी पगाराचे होऊ द्या.'

पगाराचे झाले. आता?

ही मागणी काही नवी नाही. कामगार जिथे रात्री मुक्कामाला थांबतात तिथे विश्रांतीच्या खोल्या मालकाने पुरवाव्यात, असे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच म्हटले होते. साठ वर्षांत त्यासाठी किती बैठका झाल्या? १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. चांगलेच झाले. पण ते तिकीट फाडणाऱ्या बाईच्या सन्मानाची योजना कुठे आहे?

आपले प्रश्न आपण स्वतः मांडले तरच पुढे सरकतात, हे बसवरच्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवले आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या बस आणि ट्रामवरील स्त्री कंडक्टरांना पुरुषांइतका, आठवड्याला पाच शिलिंग, युद्धभत्ता नाकारला गेला. त्यांनी युनियनच्या परवानगीची वाट न पाहता संप केला आणि भत्ता मिळवला. मात्र युद्ध संपून पुरुष परतल्यावर याच बायकांना घरी बसवण्यात आले. भत्ता जिंकला, पण नोकरी राखता आली नाही. एका मागणीवर थांबलो तर काय होते, हेही त्यातून शिकायचे आहे.

म्हणून संघटनांना माझा थेट सवाल आहे: तुमच्या वाटाघाटी समितीत स्त्रिया किती? वर्गणी घेताना आमची आठवण होते, मग बोलणी करताना का होत नाही? पुढच्या मागणीपत्रकात कडी लागणारे शौचालय, मुक्कामाच्या ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी खोली, गरोदरपणात हलके काम आणि प्रत्येक आगारात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी चालती समिती, ही कलमे पगाराच्या कलमाशेजारी हवीत. त्यांवर बोलायला कंडक्टर बाई स्वतः हवी.

आणि मैत्रिणींनो, आपणही बाहेरून टाळ्या वाजवत राहू नये. आपापल्या गावच्या आगारात जाऊ, त्या बायकांना भेटू, त्यांच्या मागण्या त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ. पुढचा मसुदा संघटनेच्या कचेरीत बंद होण्याआधी तो कागद तिथे पोचला पाहिजे.