मंगेशाने नदी ओलांडली तेव्हा

परवा रोजा सुटायला दहा मिनिटे असताना दार वाजले. आमच्या मानपाड्यातल्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे काका मंगेशीला कुलदैवताचे दर्शन घेऊन आले होते. काजूची पुडी हातात ठेवत म्हणाले, "अजान होऊ दे, मग फोड."

काकांचा मंगेश मुळात मंगेशीचा नव्हे. तो साष्टीतल्या कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने भक्तांनी लिंग उचलले आणि जुवारी ओलांडून फोंडा महालातल्या प्रियोळला आणले. सात वर्षांनी साष्टीतली सुमारे 280 देवळे पाडली गेली. हा नुसता संताप नव्हता. तिसवाडीत त्याआधीच देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या संस्थांकडे वळवले होते. देऊळ गेले की जत्रा जाते, मानपान जातो, आणि माणूस एक तर धर्म बदलतो किंवा गाव सोडतो. तोफेपेक्षा स्वस्तात काम होते. (कुठ्ठाळीतल्या आजच्या ख्रिस्ती माणसाकडे बोट दाखवण्याचे मात्र कारण नाही, त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज याच देवाचे भक्त असतील.)

नदीपलीकडे तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. फोंड्याची साफा मशीदही 1560 चीच सांगतात. आदिलशहा काही संत नव्हता, पोर्तुगीजांशी त्याचे वैर होते. पण देवाला जागा मिळाली, ती आजतागायत आहे.

आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. 2001 मध्ये बामियानचे बुद्ध तालिबानने इस्लामचे नाव घेऊनच उडवले. 2012 मध्ये, रमजान तोंडावर असताना, मालीतल्या तिंबक्तूत सशस्त्र टोळ्यांनी मुसलमान अवलियांचेच मकबरे कुदळींनी फोडले. सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत मशिदीच्या आधी मठ, चर्च आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळे येतात. कुदळ उचलणाऱ्यांनी ती वाचली नसेल असे नाही. त्यांच्यातल्या अहमद अल महदीला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2016 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा दिली, आणि गुन्हा होता केवळ या वास्तू पाडल्याचा. मकबरे तोवर तिथल्या गवंड्यांनी पुन्हा उभे केले होते.

काकांना साफा मशिदीबद्दल विचारले. इतक्या वर्षांच्या वाऱ्या, पण तिकडे ते कधी वळले नव्हते. मीही मंगेशी पाहिलेली नाही. ईदनंतर दोघांनी जायचे ठरले आहे. गाडी त्यांची, डिझेल माझे.