आकडे सर्वांना, किल्ली एकाला

धारला एकच गादी. देवासला मात्र १९४८ पर्यंत थोरली व धाकटी पाती, एका गावात दोन दरबार. संगणक-कक्षात असा दुहेरी कारभार नको. लिनक्सवर ‘नेटडेटा’ बसविले की ब्राउझरमध्ये १९९९९ या पोर्टवर प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे आकडे सेकंदागणिक दिसतात. ९०९० पोर्टवरच्या ‘कॉकपिट’मधून मात्र सेवा बंदही करता येतात. माझ्या मते पहिले विद्यार्थ्यांना पाहू द्यावे, अर्थात महाविद्यालयाच्या जाळ्यापुरतेच. दुसऱ्याचा पासवर्ड एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. मुलांना आकडे कशाला, असे काही प्राध्यापक म्हणतील. पण वाणिज्य शाखेत आम्ही रोजकीर्द शिकतो ती दडवण्यासाठी नव्हे! डिस्क भरत आल्याचे आधीच दिसले, तर परीक्षेच्या अर्जांच्या आठवड्यात मुलांचा दिवस रांगेत जाणार नाही.