हवेवरची गाडी

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चालू कॉम्प्रेसरच्या डोक्याजवळचा पाइप पाहा. हात लावला तर चटका बसेल. हवेवर चालणाऱ्या गाडीची सगळी अडचण त्या चटक्यात आहे. दाबली की हवा तापते, आणि त्यासाठी वापरलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णता होऊन निघून जातो.

टाटा मोटर्सने २००७ मध्ये फ्रेंच अभियंते गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी हवेवरच्या इंजिनासाठी करार केला. २०१२ मध्ये दोन गाड्यांवर हे इंजिन चालवून दाखवल्याचे जाहीर झाले. बाजारात गाडी आली नाही. ३०० लिटरच्या टाकीत ३०० बार दाबाने हवा भरली, तरी कागदावर जेमतेम १४ युनिट ऊर्जा मिळते. चाकांपर्यंत त्याहून बरीच कमी. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती.

तरीही ही कल्पना मोडीत काढायला माझे मन तयार नाही. टाकीला लिथियम लागत नाही, ती मिनिटांत भरते. फ्रान्समधल्या नांत शहरात १८७९ पासून हवेवरच्या ट्राम धावत होत्या. आपल्या कारखान्यांच्या आवारात, जिथे कॉम्प्रेसर आधीच आहे, तिथल्या मालवाहू ट्रॉलीवर हा प्रयोग जरूर व्हावा. कसारा घाट चढायचा असेल, तर मात्र मी बॅटरीच निवडेन.