दाढी, मिशी आणि भांडायला दिलेला वेळ

मोठे नट एका फ्रेममध्ये आणले की तिकीटखिडकी आपोआप चालते, हे विधान या आठवड्यात पुन्हा एकदा छापून आले, आणि नेहमीप्रमाणे पुराव्यादाखल २०१२ च्या ‘द अॅव्हेंजर्स’चे नाव पुढे करण्यात आले. सामायिक विश्व, म्हणजे निरनिराळ्या चित्रपटांतील पात्रे एकाच काल्पनिक जगात वावरतात असे धरून आखलेली चित्रपटमालिका, या प्रकाराविषयी या स्तंभात पूर्वी पुरेसे लिहून झाले असल्याने त्याची जन्मकथा पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. परंतु हा दाखला मुळातच चुकीचा असून निर्मात्यांना तो सोयीचा वाटतो म्हणूनच टिकून आहे, एवढे सांगणे भाग आहे.

दाखल्याची परीक्षा घ्यायची तर ‘द अॅव्हेंजर्स’शेजारी २०१७ चा ‘जस्टिस लीग’ ठेवावा. जॉस व्हेडनचा हात दोन्ही चित्रपटांवरून फिरला: पहिला त्याने लिहिला आणि दिग्दर्शित केला, तर दुसरा, झॅक स्नायडर कौटुंबिक आघातामुळे बाजूला झाल्यावर, पुरा करण्यासाठी त्याच्याकडे सोपवण्यात आला. दोन्हींत सहा नायक आहेत, दोन्हींत परक्या जगातून सैन्य येते, आणि दोन्हींत मुख्य चित्रीकरण आटोपल्यावर एका नायकाच्या चेहऱ्यावरील केसांनी निर्मात्यांची पंचाईत केली. हा शेवटचा योगायोग क्षुल्लक वाटत असला तरी त्या दोन चित्रपटांतील सगळा फरक त्यातच सापडतो.

‘द अॅव्हेंजर्स’चा पहिला खेळ ११ एप्रिल २०१२ रोजी हॉलिवूडमध्ये झाला आणि दुसऱ्या दिवशी सहाही नट एका छोट्या दृश्यासाठी पुन्हा जमले, ज्यात लढून थकलेले नायक पडझड झालेल्या उपाहारगृहात बसून मुकाट्याने शवर्मा, म्हणजे रोटीत गुंडाळलेले भाजलेले मांस, खात आहेत. कॅप्टन अमेरिका झालेल्या ख्रिस इव्हान्सने तोवर ‘स्नोपिअर्सर’साठी दाढी वाढवली होती, तेव्हा त्याच्या जबड्यावर कृत्रिम आवरण चढवण्यात आले आणि हाताने गाल झाकून त्याला टेबलाशी बसवण्यात आले. तो खात नाही, कोणी काही बोलत नाही, आणि तरीही प्रेक्षक खळखळून हसतो. ‘जस्टिस लीग’च्या पुनर्चित्रीकरणाच्या वेळी, म्हणजे काही भाग नव्याने लिहून पुन्हा चित्रित करताना, सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’साठी राखलेली मिशी होती आणि पॅरामाउंट स्टुडिओ ती काढू देईना, त्यामुळे ती नंतर संगणकावर पुसावी लागली. अगदी आरंभीच, दोन मुले मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतात त्या दृश्यात, त्याचा वरचा ओठ असा काही हलतो की तो काय बोलतो याकडे कोणाचे लक्षच राहत नाही. (याच पॅरामाउंटने २०१० मध्ये ‘द अॅव्हेंजर्स’ आणि ‘आयर्न मॅन ३’ यांचे वितरणहक्क डिस्नेला सोडताना किमान साडेअकरा कोटी डॉलर पदरात पाडून घेतले आणि वर आपले बोधचिन्हही कायम राखले, वस्तऱ्याला नकार देण्याचे मात्र त्याने काही घेतले असे दिसत नाही.)

इव्हान्सचा अर्धा चेहरा झाकला तरी चालले, कारण ही माणसे गप्प का बसली आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक होते. ही ओळख २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०११ च्या ‘कॅप्टन अमेरिका’पर्यंत पाच चित्रपटांत हप्त्याहप्त्याने झाली होती. सुपरमॅनला मात्र तोंड उघडून आपण कोण हे सांगावे लागले, कारण ‘जस्टिस लीग’मध्ये ओळख आणि लढाई दोन्ही १२० मिनिटांत उरकायच्या होत्या, फ्लॅश, अॅक्वामॅन आणि सायबॉर्ग यांची त्यापूर्वीची ठळक ओळख म्हणजे २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये वंडर वुमन संगणकावर एकामागून एक उघडून पाहते त्या चित्रफिती. लग्नापूर्वी स्थळाचे नुसते फोटो पाठवावेत, तसाच हा प्रकार झाला.

‘द अॅव्हेंजर्स’ काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचा हा धीर स्वभावातून आलेला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १९९६ मध्ये दिवाळखोरी पाहिलेल्या या कंपनीच्या हातून स्पायडरमॅन सोनीकडे आणि एक्स-मेन फॉक्सकडे गेले होते. २००५ मध्ये मेरिल लिंचमार्फत तिने साडेबावन्न कोटी डॉलरचे कर्ज उभारले ते उरलेल्या दहा व्यक्तिरेखांचे चित्रपटहक्क तारण ठेवून. एकेक पाऊल जपून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जपून जमवलेली ही पुंजी व्हेडनने खर्च केली ती युद्धावर नव्हे, भांडणावर. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या १९६३ च्या ‘अॅव्हेंजर्स’ चित्रकथेच्या पहिल्या अंकातही खलनायक लोकीच्या कपटाने नायक आधी एकमेकांवरच धावून जातात. चित्रपटाच्या मधल्या भागात, हवेत तरंगणाऱ्या विमानवाहू जहाजावरील प्रयोगशाळेत, टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, बॅनरला सहज विजेची टोचणी देऊन पाहतो, बॅनर दचकतो पण हल्क होत नाही, आणि रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, संतापतो; या एका कृतीत स्टार्कचा आगाऊपणा, त्याचे कुतूहल आणि बॅनरवरचा त्याचा विश्वास तिन्ही दिसून जातात. पुढे एजंट कोल्सनच्या मृत्यूनंतर त्याचा वरिष्ठ निक फ्युरी कोल्सनच्या संग्रहातील कॅप्टन अमेरिकेची रक्ताळलेली कार्डे टेबलावर फेकतो, आणि मग त्याची सहकारी त्याला आठवण करून देते की ती कार्डे कोल्सनच्या अंगावर नव्हे, कपाटात होती. संघ जुळतो तो अशा एका लबाडीवर, आणि न्यूयॉर्कच्या लढाईत (जिचा बराच भाग ओहायोतील क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर चित्रित झाला) कॅमेरा सहा जणांभोवती फिरतो तेव्हा त्या वर्तुळाला वजन येते ते याच कारणाने.

मराठी प्रेक्षकाच्या आठवणीत मात्र ते वर्तुळ आणि लोकीला फरशीवर आपटणारा हल्क एवढेच उरले असेल, तर दोष मध्यंतराचा आहे. मध्यंतर न धरता रचलेल्या चित्रपटाला आपल्याकडे मध्येच कुठेतरी दिवे लावून तोडले जाते. भांडणात रंगलेला माणूस समोशाच्या रांगेत उभा राहतो आणि परततो तो थेट धडाक्यासाठी. याला आकडेवारीचा आधार नाही, पण रांगेतला समोसा कोणीही मोजून पाहावा. शवर्म्याचे दृश्य तर भारतात २७ एप्रिलला आलेल्या प्रतींत नव्हतेच, ते जोडले गेले ते अमेरिकेतील ४ मेच्या प्रदर्शनासाठी. ते असते तरी श्रेयनामावली सुरू होताच झाडू घेऊन आत येणाऱ्यांपुढे त्याचा निभाव लागला नसता.

सुमारे २२ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत २०.७ कोटी आणि जगभरात दीडशे कोटींवर कमाई केली, आणि प्रत्येक स्टुडिओने त्यातून घोषणा तेवढी उचलली. युनिव्हर्सलने मे २०१७ मध्ये ‘डार्क युनिव्हर्स’च्या नावाने टॉम क्रूझसह पाच नटांचे छायाचित्र प्रसिद्ध केले, पुढच्याच महिन्यात ‘द ममी’ आपटला, आणि ते विश्व छायाचित्रातच राहिले. हिंदीत ‘सिंघम अगेन’मध्ये पाहुणे एकामागून एक दाखल होतात, पण परस्परांशी भांडण्याइतकी सवड त्यांना कोणी दिलेली नाही.

‘जस्टिस लीग’ने सुमारे ६६ कोटी डॉलरवर दम टाकला. १८ मार्च २०२१ रोजी स्नायडरची २४२ मिनिटांची आवृत्ती एचबीओ मॅक्सवर आली, तिच्यात मिशी पुसलेले एकही दृश्य नव्हते, आणि सायबॉर्ग व त्याचा शास्त्रज्ञ बाप यांच्यातील दुराव्याला पुरेशी जागा मिळाली. त्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला आणखी सुमारे सात कोटी डॉलर मोजावे लागले.