लोपलेल्या अक्षराची साक्ष

इंग्रजीच्या मोठ्या कोशांत 'डायगॅमेटेड' हे दुर्मीळ विशेषण आढळते. अर्थ इतकाच, की 'डायगॅमा असलेला'. डायगॅमा हे ग्रीक वर्णमालेतून लोपलेले अक्षर. एका गॅमावर दुसरा ठेवल्यासारखा त्याचा आकार, म्हणून 'दुहेरी गॅमा' हे नाव. उच्चार आपल्या 'व'च्या जवळचा. होमरच्या उपलब्ध हस्तलिखितांत ते नाही. अशा अक्षरावरून आलेला शब्द केवळ पंडिती चोचला आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही.

'इलियड'मध्ये अनेक ठिकाणी दोन स्वर लगत येतात, तरी वृत्तनियमाप्रमाणे पहिला लोपत नाही वा ऱ्हस्व होत नाही. तेथे पूर्वी 'व' उच्चारला जात असावा, हे १८व्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड बेंटली यांनी ओळखले. अलेक्झांडर पोपने १७४२ साली 'डन्सियड'च्या चौथ्या सर्गात या ध्यासाची थट्टा केली. परंतु १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनियर बी लिपीचा उलगडा केला, तेव्हा होमरच्या 'अनाक्स' (राजा) या शब्दाचे 'वनाक्स' हे प्राचीन रूप मातीच्या पाट्यांवर वाचता आले. ग्रीक 'ओइदा'च्या आरंभी हाच 'व' ठेवला, की संस्कृत 'वेद' म्हणजे 'मी जाणतो' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड होते.

मग हे अक्षर होमरच्या संहितेत परत छापावे काय? रिचर्ड पेन नाइट यांनी १८२० साली तसे केले. आमच्या मते ते अनुचित होते. होमरमध्ये अशाही ओळी आहेत, जेथे हा 'व' मानला तर वृत्तच बिघडते. म्हणजे या काव्यात उच्चाराचे अनेक काळ एकत्र नांदतात. सर्वत्र एकच अक्षर भरणारा संपादक ही बहुकालिकता पुसून टाकतो. अक्षर संहितेबाहेर ठेवावे, पण वाचनात त्याची जाण असावी, हाच विवेक.

साहित्याच्या वर्गात वृत्त हे लघुगुरू मोजण्याची कसरत म्हणून उरकले जाते. लेखनिकांनी गमावलेला ध्वनी येथे वृत्ताने शतकानुशतके सांभाळला. म्हणून वृत्ताकडे अलंकार म्हणून पाहणे पुरेसे नाही. तो भाषेच्या इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो वाचायला शिकवणे हे साहित्याच्या अध्यापकाचेच काम आहे.